पेशंट कोणाचा?

बदनापूर तालुक्यात कुणाचं हाड मोडल्याची बातमी आली की ऐकणाऱ्याला पहिल्यांदा रस्ताच आठवतो. जालना–छत्रपती संभाजीनगर रस्ता गावाला चिकटून जातो, समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला आहे, आणि एका मोटारसायकलीवर तिघं बसण्याची आपली खोड सुटलेली नाही. पण ही पुस्तिका ज्या हाडाविषयी आहे ते बहुतेक वेळा घरात मोडतं. रात्री दोन-अडीच वाजता, बाज आणि न्हाणी यांच्यामधल्या दहा पावलांत. लाइट गेलेली असते, किंवा कुणाची झोपमोड नको म्हणून लावलेलीच नसते. लुगड्याचा काठ पायात येतो, ओल्या फरशीवरून चप्पल सटकते, नाहीतर रक्तदाबाच्या गोळीमुळे उठताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी येते. सत्तरी ओलांडलेली बाई एका कुशीवर पडते. उठवायला गेलं तर तिला पाय उचलता येत नाही. तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि तळवा बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. शेजारची एखादी अनुभवी बाई नुसतं बघूनच सांगते, खुबा गेला.

पडण्याचं निमित्त एवढंसं आणि परिणाम एवढा मोठा, याचं कारण हाडातच आहे. पाळी गेल्यानंतर बाईच्या हाडांची घनता झपाट्याने उतरते. पुरुषाची सावकाश उतरते, पण उतरतेच. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात झालेल्या पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या दर लाख लोकांमागे वर्षाला १२९ जणांचा खुबा मोडल्याचं आढळलं. बायकांत १५९, पुरुषांत १०५. तिथला आकडा इथे जसाच्या तसा लावू नये. तरीही २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या दर शंभर माणसांत जवळजवळ दहाजण साठीपुढचे होते, आणि तेव्हापासून हे प्रमाण वाढतच आलं आहे. गावात तरुण कमी आणि म्हातारे जास्त हे चित्र मराठवाड्याला समजावून सांगायला नको. मुलं पुण्याला, वाळूजला, शेंद्र्याला. मागे राहतात ती घर राखणारी माणसं, आणि पडतातही तीच.

हाडाची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो, तो कमरेच्या खोबणीत फिरतो. गोळ्याच्या खाली हाडाची मान. मान मोडली की गोळ्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. देठ पिचलेली मोसंबी फांदीला लटकून राहिली तरी आतून सुकत जाते, तसा तो गोळा जागेवर असूनही मरतो. म्हणून उतारवयात तो काढून टाकतात आणि धातूचा बसवतात. मोड मानेच्या खाली असेल तर रक्तपुरवठा शाबूत राहतो. तिथे हाडाच्या पोकळीत खिळा घालून तुकडे धरून ठेवतात. घरचे त्याला 'रॉड टाकला' म्हणतात. दोन्ही शस्त्रक्रिया आता नित्याच्या झाल्या आहेत. पूर्वी पायाला वजन लटकवून म्हाताऱ्या माणसाला आठवडेच्या आठवडे उताणं झोपवून ठेवत. त्यात हाड कधीमधी जुळायचं, माणूस मात्र क्वचितच उठायचा.

मग अडचण कुठे आहे? ब्रिटनसारख्या देशात, जिथे शस्त्रक्रिया उत्तम होते आणि प्रत्येक रुग्णाची नोंद राहते, तिथेही खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चौथा हिस्सा वर्षभरात दगावतो. जगलेल्यांपैकी बरेचजण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. दगावलेल्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर पुष्कळदा खुबा लिहिलेला नसतो. तिथे न्युमोनिया असतो, हृदयविकार असतो, मूत्रमार्गातून रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असतो, पाठीच्या जखमा असतात. क्ष-किरणाच्या फिल्मवर हाड बिनचूक बसलेलं दिसतं, आणि ती फिल्म पिशवीत घेऊन मुलगा दहाव्याच्या तयारीला लागतो.

हाड आणि माणूस यांच्यामध्ये ही जी फट आहे, ती भरण्याच्या कामाविषयी या पुस्तिकेत लिहिलं आहे.

बदनापूरच्या माणसाला दवाखाना लांब आहे असं म्हणता येणार नाही. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. तालुक्यातच वरुडीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्स अँड रिसर्च हे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं नूर हॉस्पिटल आहे. एका बाजूला वीसेक किलोमीटरवर जालना, दुसऱ्या बाजूला चाळीसेक किलोमीटरवर संभाजीनगर आणि तिथली 'घाटी', म्हणजे १९५६ सालापासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, जिथे अख्खा मराठवाडा शेवटी जाऊन पोहोचतो. १०८ला फोन केला तर गाडी येते. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की अस्थिरोग, मेडिसिन, भूलशास्त्र, हे सगळे विभाग नियमानेच असावे लागतात. म्हणजे माणसं आहेत, छप्परही एक आहे. ती सगळी माणसं एका खाटेभोवती एका वेळी येतात का, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो बदनापूरलाच नाही, मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयालाही तितकाच लागू आहे.

दवाखान्याच्या भाषेत खुबा मोडलेली म्हातारी ही 'ऑर्थोची पेशंट'. ती अस्थिरोग वॉर्डात येते, कारण मोडलंय हाड. पण तिला पंधरा वर्षांचा मधुमेह आहे, रक्तदाब आहे, हिमोग्लोबिन आठ आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, ऐकू कमी येतं आणि ती दिवसाला सात गोळ्या खाते, त्यातल्या दोन कशासाठी आहेत हे घरात कुणालाच ठाऊक नाही. अस्थिशल्यविशारदाचं शिक्षण यातल्या एकाही गोष्टीसाठी झालेलं नसतं. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. तो मेडिसिनला 'रेफरन्स' पाठवतो. मेडिसिनचा निवासी डॉक्टर रात्री उशिरा येतो, केसपेपरवर चार ओळी लिहितो, पोटॅशियम आणि टूडी-इको करून घ्या म्हणतो आणि जातो. इकोची तारीख परवाची मिळते. भूलतज्ज्ञ इको पाहिल्याशिवाय हात लावत नाहीत. घरचे बाहेर बाकावर बसून एकमेकांना विचारत राहतात, 'फिटनेस मिळाला का?'

हा 'फिटनेस', म्हणजे शस्त्रक्रिया झेपेल असा डॉक्टरांचा निर्वाळा, हे आपल्याकडच्या दवाखान्यांतलं मोठं प्रकरण आहे. फिटनेस मिळेपर्यंत म्हातारी उताणी पडून असते. दुखतं म्हणून हलत नाही, हलत नाही म्हणून छातीत कफ साठतो, लघवीची नळी घातलेली असते. शस्त्रक्रिया आज होईल या आशेने तिला सकाळपासून उपाशी ठेवतात, आणि दुपारी चार वाजता कळतं की आज नंबर लागत नाही. रात्री खिचडी. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. ज्या माणसाला तंदुरुस्त करण्यासाठी आपण थांबलो, तो थांबण्यानेच खालावत जातो. पूर्ण तंदुरुस्त ऐंशी वर्षांची मधुमेही बाई मिळणारच नसते. काय दुरुस्त होण्यासारखं आहे आणि काय दुरुस्त न करताच पुढे जायचं, हे ठरवणारं माणूस पहिल्या दिवसापासून हवं. सोडियम फार उतरलं असेल तर ते सावरायला थांबावं. जुनी, स्थिर हृदयाची तक्रार असेल तर बहुतेक वेळा इकोसाठी दोन दिवस घालवू नयेत. हा निवाडा अनुभवाचा आहे, आणि केसपेपरवर चार ओळी लिहून तो होत नाही.

लवकर शस्त्रक्रियेबद्दल उत्साही माणसं कधीकधी जास्तच बोलतात, म्हणून एक खुलासा. भारतासह १७ देशांत २९७० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. निदानानंतर सरासरी सहा तासांत शस्त्रक्रिया झालेले आणि सरासरी २४ तासांत झालेले, अशा दोन गटांची त्यात तुलना होती. मृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नाही. भ्रम कमी झाला, मूत्रमार्गाचे संसर्ग कमी झाले, माणसं लवकर उभी राहिली आणि लवकर घरी गेली. तेव्हा सहा तासांचा हट्ट धरायचं कारण नाही. पण आपल्याकडे तुलना सहा आणि चोवीस तासांची नसतेच, ती दोन दिवस आणि आठ दिवसांची असते, हे विसरू नये.

एका खाटेभोवती अनेकांनी जमण्याची कल्पना नवी नाही. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि खुद्द रोगी. आधुनिक काळातली गोष्ट सुरू होते लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात. १९३५ साली मार्जरी वॉरेन या डॉक्टर बाईंकडे शेजारच्या अनाथ-निराधारांच्या इस्पितळातले ७१४ जुनाट रुग्ण आले. वर्षानुवर्षं खाटेवर पडलेले, कुणी नीट तपासलेलेही नाहीत. बाईंनी एकेकाला तपासलं, आजार वेगळे काढले, उठवलं, बसवलं, चालवलं, आणि त्यांतले पुष्कळजण घरी गेले. वार्धक्यशास्त्राचा जन्म तिथला मानतात. पुढे पन्नाशीच्या दशकाअखेरीपासून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरल्या हेस्टिंग्ज गावात मायकेल देवास हे अस्थिशल्यविशारद आणि बॉबी आयर्विन हे वृद्धांचे डॉक्टर यांनी एकत्र राउंड घ्यायला सुरुवात केली. दोन वेगळ्या विभागांचे वरिष्ठ एकाच रुग्णाकडे एकाच वेळी बघतात, ही त्या काळात तिकडेही विचित्र गोष्ट होती. आपल्याकडे ती अजून आहे.

कल्पना चांगली असून भागत नाही, मोजावं लागतं. २००७ साली ब्रिटनमधल्या अस्थिशल्यविशारदांच्या आणि वृद्धवैद्यकाच्या संघटनांनी मिळून खुबा मोडलेल्या प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंद सुरू केली. किती तासांत शस्त्रक्रिया झाली, वृद्धांच्या डॉक्टरने पाहिलं का, भ्रमाची तपासणी झाली का, हाडांची औषधं सुरू केली का. प्रत्येक रुग्णालयाचे आकडे जाहीर होऊ लागले. पुढे निकष पाळणाऱ्या रुग्णालयाला सरकार दर रुग्णामागे जादा पैसे देऊ लागलं. इंग्लंडात २००७ ते २०११ या काळात वेळेत शस्त्रक्रिया होण्याचं प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेलं, आणि महिनाभरातले मृत्यू सुमारे ११ टक्क्यांवरून साडेआठवर आले. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. आपला आकडा शेजारच्या रुग्णालयाला दिसतो, एवढी लाज पुरेशी ठरली, असं मला तरी वाटतं.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथला प्रयोग. तिथे खुबा मोडलेल्या, सत्तरीपुढच्या ३९७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. एक गट नेहमीच्या अस्थिरोग वॉर्डात, दुसरा वृद्धांच्या वॉर्डात, जिथे डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट मिळून प्रत्येकाची आखणी करत. शस्त्रक्रिया दोन्हीकडे तीच. फरक होता तो शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर माणूस कोणाच्या हाती होता, एवढाच. चार महिन्यांनी उभं राहणं, चालणं, खुर्चीतून उठणं यांची बारा गुणांची परीक्षा घेतली, तर नेहमीच्या वॉर्डातल्यांना सरासरी ४.३८ आणि दुसऱ्यांना ५.१२ गुण मिळाले. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. पाऊण गुणाचा फरक ऐकायला किरकोळ वाटेल. पण या परीक्षेत पाऊण गुण म्हणजे कुणाच्या आधाराशिवाय न्हाणीपर्यंत जाणं आणि न जाणं यांतलं अंतर असू शकतं.

भारतात वृद्धवैद्यक उशिरा आलं, पण आलंच नाही असं नाही. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९७८ साली वृद्धांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग निघाला, आणि १९९६ पासून मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळू लागली. २०१० साली केंद्राचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा वॉर्ड आणि फिजिओथेरपीची तरतूद आहे. कागदावरची तरतूद आणि वॉर्डातली खाट यांच्यातलं अंतर वाचकांना माहीत आहे, त्यावर शब्द खर्चत नाही. वृद्धांचा खास डॉक्टर नसेल तर मेडिसिनचा डॉक्टर ते काम करू शकतो. अट एकच. त्याने रेफरन्सचं उत्तर देऊन जायचं नाही, रोज यायचं.

मग रोज काय करायचं? पुस्तिकेच्या पुढच्या प्रकरणांत ते क्रमाने आहे. इथे मी फक्त ज्या गोष्टीकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, तिच्यापाशी थोडा थांबतो.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री म्हातारी काहीबाही बोलायला लागते. सलाइन ओढते, मेलेल्या बहिणीला हाका मारते, छताला मुंग्या दिसतात म्हणते, मुलाला ओळखत नाही. घरचे घाबरतात. कुणी म्हणतं भूल उतरली नाही, कुणी म्हणतं डोक्यावर परिणाम झाला, आणि हळूच कुणीतरी म्हणतं, बाहेरचं झालंय. मग गावाकडून अंगारा येतो आणि वॉर्डातून झोपेचं इंजेक्शन येतं. अंगाऱ्याने अपाय होत नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. इंजेक्शनाने मात्र बहुधा दुसऱ्या दिवशी म्हातारी आणखी गुंगते, जेवत नाही, पाणी श्वासनळीत जातं. याला भ्रम म्हणतात, आणि तो वेड नव्हे, भूतही नव्हे. शरीरात कुठेतरी काहीतरी बिघडल्याची ती बातमी असते. दुखणं पुरेसं थांबलेलं नाही, सोडियम उतरलंय, लघवी अडलीय, चार दिवस शौचाला झालेलं नाही, छातीत किंवा लघवीत संसर्ग आहे, रात्रभर डोळ्यांवर दिवा आहे, चष्मा घरी राहिलाय, कानातलं यंत्र पिशवीत आहे. शोधलं तर बहुतेक वेळा यातलं दोन-तीन सापडतंच.

आणि आरडाओरडा करणारा रुग्ण निदान दिसतो तरी. दुसऱ्या प्रकारचा भ्रम गप्प असतो. म्हातारी दिवसभर डोळे मिटून पडलेली, हाक मारली तर हूं म्हणते, जेवण तोंडात धरून ठेवते. 'आता शांत आहे, काही त्रास देत नाही' असं समाधानाने सांगितलं जातं. हा प्रकार जास्त धोक्याचा. ओळखायची युक्ती सोपी आहे : वार उलटे म्हणायला सांगावे. रविवार, शनिवार, शुक्रवार. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही एरवी ते जमतं. काल जमत होतं आणि आज बुधवारपाशी अडकते, तर सिस्टरना सांगायचं, आणि सिस्टरनी डॉक्टरांना. अमेरिकेत बोस्टनला १२६ रुग्णांवर एक प्रयोग झाला, त्यात वृद्धांच्या डॉक्टरने रोज येऊन अशाच साध्या गोष्टी सुचवल्या. भ्रम होण्याचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आलं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. दुसऱ्या दिवशी उभं करणं, वॉकरला धरून, पूर्ण वजन टाकून. पायावर इतक्यात जोर देऊ नका हा शेजाऱ्यांचा सल्ला बहुतेक शस्त्रक्रियांच्या बाबतीत चुकीचा असतो, आणि अपवाद असेल तर डॉक्टर तसं लिहून देतात. लघवीची नळी शक्य तितक्या लवकर काढणं. दर दोन तासांनी कूस बदलणं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात द्यायचं इंजेक्शन. दुखण्याचं औषध मागितल्यावर नाही, वेळेवर. आणि जेवण.

जेवणाबद्दल मात्र घाई करवत नाही. खुबा मोडलेल्या माणसाला आपण चहा-बिस्कीट, साबुदाण्याची पेज, नारळपाणी देत राहतो. हलकं म्हणून. ज्या शरीराला जखम भरायची आहे, स्नायू टिकवायचे आहेत, त्याला प्रथिनं हवीत. मूत्रपिंड ठीक असेल तर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण सव्वा ग्रॅम. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बीडीएन ७११सारखे तुरीचे वाण दिले, ते मराठवाड्यातल्या शिवाराशिवारांत पेरले जातात. त्या तुरीत शंभर ग्रॅममागे वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं आहेत. ज्या गावाच्या नावाने तूर ओळखली जाते, तिथल्या म्हाताऱ्या बाईला दवाखान्यात वरणाचं वरचं पाणी पाजू नये. घट्ट वरण, अंडं चालत असेल तर अंडं, दही, शेंगदाण्याचं कूट. आहारतज्ज्ञ हा संघातला माणूस याच्यासाठी असतो. नुसता मधुमेहाचा छापील तक्ता देण्यासाठी नाही.

आता मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. पाश्चात्त्य पुस्तकांत संघाची यादी असते : शल्यविशारद, वृद्धांचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, समाजसेवक. आपण ती यादी भाषांतरित करून भिंतीवर लावतो. पण जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही वॉर्डात अर्धा तास उभं राहून बघा. कूस कोण बदलतं? भांडं कोण देतं? घास कोण भरवतं? रात्री सलाइन संपत आल्यावर सिस्टरना हाक कोण मारतं? सून, मुलगी, कधी नात, क्वचित मुलगा. एका सिस्टरकडे अनेक खाटा असताना दुसरं काही शक्यही नसतं. शुश्रूषेचा सर्वांत मोठा वाटा उचलणारी ही बाई कोणत्याच यादीत नाही. तिला कुणी काही शिकवत नाही. तिला फक्त रागावतात, आणि भेटीची वेळ संपली म्हणून बाहेर काढतात. चरकाने जो तिसरा पाय सांगितला, तो आपल्याकडे खाटेखाली सतरंजी टाकून झोपलेला असतो.

माझं मत असं की आपल्याकडे संघ उभारायचा तर तिच्यापासून उभारावा. तिला पहिल्याच दिवशी पाच गोष्टी हाताने करून दाखवाव्यात : कूस कशी बदलायची, उठवताना कुठे धरायचं, किती पाणी पाजायचं, भ्रम कसा ओळखायचा, कोणती गोष्ट दिसली की लगेच बोलवायचं. हे काम फिजिओथेरपिस्ट आणि सिस्टर दोघं मिळून अर्ध्या तासात करू शकतात. वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांनाही त्यात घ्यावं. खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना मोडका पाय त्यांच्याच हातात असतो. दुसऱ्या देशाची नक्कल करण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण यात डॉक्टरला खाली बसून सुनेशी बोलावं लागतं.

हरकत घेणारे म्हणतील, घरच्या माणसावर शुश्रूषा ढकलणं म्हणजे सरकारची जबाबदारी झटकणं. हरकत रास्त आहे. सिस्टरांच्या जागा भरल्या पाहिजेत, आणि सुनेची मजुरी बुडते त्याचाही विचार झाला पाहिजे. पण जागा भरल्या जाईपर्यंत ती जे करतेच आहे, ते तिला अज्ञानात करू देणं यात कोणता न्याय आहे?

पैशाचं प्रकरण मोठं असलं तरी इथे थोडक्यात. २०१२ साली सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी राज्याची योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना यांतून अंगीकृत रुग्णालयात अस्थिरोगाच्या शस्त्रक्रिया होतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान कार्ड मिळतं. अडतं ते कागदांवर. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आणि 'अप्रूव्हल' येईपर्यंत पुन्हा ती खाट आणि ते उताणं पडणं. म्हणून रुग्णालयातले आरोग्यमित्र आणि समाजसेवा अधीक्षक हेही या संघातले आहेत. त्यांच्या टेबलावर वाचलेला एक दिवस हा छातीच्या संसर्गाविरुद्ध दिलेल्या औषधाइतकाच मोलाचा. म्हातारी माणसं घरात असतील तर हे कागद आजच जुळवून ठेवा, हाड मोडायची वाट पाहू नका.

घरी सोडताना बहुतेक ठिकाणी टाके काढायची तारीख सांगतात आणि गोळ्या देतात. एक गोष्ट राहून जाते. ज्याचं एक खुब्याचं हाड इतक्या किरकोळ पडण्याने मोडलं, त्याची बाकीची हाडंही तशीच आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, २१२७ रुग्णांच्या चाचणीत खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत झोलेड्रॉनिक अॅसिडचं वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध सुरू केलं, तेव्हा पुढची हाडं मोडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. त्याआधी ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची तपासणी हवी. जन्मभर उन्हात राबलेल्या बाईला ड जीवनसत्त्व कमी कसं असेल, असं समजू नये, तपासावं. हे औषध लिहून देणं हे अस्थिरोगवाल्यांना मेडिसिनचं काम वाटतं आणि मेडिसिनवाल्यांना अस्थिरोगाचं. पेशंट कोणाचा, हा प्रश्न इथे सर्वांत महाग पडतो.

मग घर. न्हाणीच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा, भिंतीला पकडायला लोखंडी दांडा, लोखंडी कमोडची खुर्ची, कारण धातूचा गोळा बसवलेल्या माणसाने सुरुवातीचे महिने उकिडवं बसायचं नाही, मांडीही घालायची नाही. जमिनीवर पंगतीला बसण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे दुखण्याइतकंच लागतं. सोमठाण्याच्या रेणुकामातेला पायऱ्या चढून जाता येईल का, हा प्रश्न फिजिओथेरपिस्टच्या तक्त्यात नसतो, पण बरं व्हायची इच्छा अशाच प्रश्नांतून येते. तेव्हा तो विचारला गेला तर हसू नये, त्यालाच उद्दिष्ट धरून व्यायाम ठरवावा. गावातल्या आशाताईंनी पहिल्या महिन्यात दोन-तीनदा डोकावलं, पाय सुजलाय का, माणूस बाजेवरून उतरतंय का, एवढं पाहिलं, तरी पुष्कळ संकटं वेळेत कळतील.

ही पुस्तिका डॉक्टरी शिकवत नाही. कोणतं औषध किती द्यायचं हे तिच्यातून घेऊ नका. सिस्टरांनी भ्रमाचं आणि शय्याव्रणांचं प्रकरण आधी वाचावं, इंटर्न मुलामुलींनी शस्त्रक्रियेपूर्वीच्या चोवीस तासांचं, आणि घरच्यांनी सगळं सोडून शुश्रूषेचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवावं. त्या प्रकरणाची भाषा तशीच ठेवली आहे.

आणि दवाखान्यात दाखल झाल्याच्या पहिल्या दिवशी संकोच न करता हे विचारा. शस्त्रक्रिया केव्हा, आणि उशीर होणार असेल तर नेमका कशासाठी? साखर, रक्तदाब, बाकीची औषधं रोज कोण बघणार? शस्त्रक्रियेनंतर उभं कोण करणार, कोणत्या दिवशी? दुसरं हाड मोडू नये म्हणून काय देणार? चारही उत्तरं एकाच माणसाकडून मिळाली तर तुमचा पेशंट चांगल्या हाती आहे. चौघांकडे बोट दाखवलं गेलं, तर त्या चौघांना एकदा खाटेजवळ एकत्र येण्याची विनंती करा, आणि ते येईपर्यंत करत राहा.